चेअरमनच्या परवानगीशिवाय

दूध संस्थेच्या खोलीतून,
बुधवार, सकाळचं संकलन झाल्यावर

तीर्थस्वरूप आण्णांना, धाकट्या अजिनाथचा भिंतीच्या अलीकडून दंडवत.

इकडं आमी सगळे ठीक हाव. हे तुमाला लिहून कळवायची खरं तर गरज न्हाई, कारण माझ्या घरात कुणी शिंकलं की तुमच्या अंगणात कळतं. तुमच्या तब्येतीचंही तसंच. खोकला अजून गेलेला न्हाई, तो मी पहाटे ऐकतो. वहिनी अडुळशाचा काढा देतात, त्यातला अर्धा तुमी कर्दळीच्या बुडात ओतता, तेही पाहिलंय (वहिनींना सांगितलं न्हाई. सांगणार तरी कसा, त्यांच्याशीही बोलणं बंदच हाय). काढा पीत जा. कर्दळीला खोकला न्हाई.

भिंत कमरेएवढी अन् पत्र पोस्टानं, हे काय नवीन खूळ, असं तुमी म्हणाल. हे पत्र मी कडा गावच्या पोस्टात जाऊन पेटीत टाकणार, मग ते शिक्के खात फिरेल अन् फिरून आपल्याच गल्लीत येईल. शनिवारपर्यंत मिळावं, असा अंदाज हाय. पण दुसरा रस्ता राहिला न्हाई. जो एक होता तो मी माझ्या हातानं बंद केला, अन् तोही संस्थेची कार्यक्षमता वाढवायच्या नादात. ते कसं झालं याचा खुलासा करावा, एवढाच या पत्राचा हेतू हाय. रविवारी तुमच्याकडं आपल्या मंजूच्या सोयरिकीची बैठक हाय, जामखेडकडचे पाहुणे येणार हायेत, असं कानावर आलं. त्या गोष्टीचा अन् या पत्राचा काडीचाही संबंध न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो.

आपलं बोलणं बंद झालं तेव्हा मंजू फ्रॉकात होती, आता तिची सोयरीक जुळतीय. भांडण कशावरून झालं असं मला कुणी विचारलं, तर मी कडबाकुट्टीच्या मशीनवरून म्हणतो. तुमी म्हणता मशीन नुसतं निमित्त, मूळ त्याच्या आधीचं हाय. अन् ते मूळ काय ते तुमालाही सांगता येत न्हाई, असं धोंडीराम बापू म्हणतात. वाटणीत बैलं वाटली, भांडी वाटली, मशीन कुणाला हे काही ठरेना, म्हणून गवंड्यानं शेवटी भिंत मशीनपर्यंत आणून थांबवली अन् पलीकडून परत सुरू केली. मशीन भिंतीतच हाय. पात्याची बाजू तुमच्याकडं, चाकाची माझ्याकडं. तेव्हापासून दोन्ही घरं कडबा कोयत्यानं तोडतात.

पण खरं सांगू का, बोलणं बंद हे नुसतं म्हणायला होतं, कारण सोमवार होता. संस्थेची दर सोमवारची सभा. तुमी संचालक, मी सचिव, अन् मधे खुर्चीत धोंडीराम बापू, चेअरमन. सभेत कुणी कुणाशी थेट बोलायचं न्हाई, जे काय बोलायचं ते चेअरमनला उद्देशून, हा नियम ज्यानं केला त्याच्याही घरी अशीच भिंत असावी. तुमी बापूंकडं तोंड करून म्हणायचे, सचिवांची गाय दावं तोडून माझ्या घासाच्या वाफ्यात शिरली. बापू माझ्याकडं वळून तेच मला सांगायचे, जसं काय मी दुसऱ्या तालुक्यात बसलोय. मी बापूंना म्हणायचो, संचालकांना सांगा, गाय शाळेत गेलेली न्हाई, तिला हद्द कळत न्हाई. बापू तुमच्याकडं वळायचे. त्यामुळं बापूंची मान कायम दुखायची, पण त्यांनी कधी तकरार केली न्हाई.

या रस्त्यानं आपण काय काय पार पाडलं बघा. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तिथंच ठरल्या. माय गेली तेव्हा दहाव्याचं कुणी काय बघायचं, ते तुमी आयत्या वेळच्या विषयात घेतलं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमी भर सभेत विचारलंत म्हणे, सचिव कामावर कधी येणार, संस्थेचा खोळंबा होतोय (बापूंनी दवाखान्यात येऊन मला सांगितलं). अन् दुसऱ्या दिवसापासून तुमच्या भावजयीला, बबिताला, दारात मऊ भाताचा डबा सापडायला लागला. डबा कुणाचा ते तिनं विचारलं न्हाई. घासून भिंतीवर ठेवत गेली.

बापूंची खरी कमाल तर वेगळीच. तुमी रागात मला जे काय म्हणायचे (बापाच्या नावानं सुरू व्हायचं ते, आपला बाप एकच हाय हे विसरून), ते बापू मधेच गिळायचे अन् मजकूर तेवढा पुढं सरकवायचे. शिवी मी माझ्या कानानं ऐकलेली असायची. पण उत्तर मी बापूंच्या मजकुराला द्यायचो, कारण सभेचा दस्तूरच तसा होता. माझीही तुमच्यापर्यंत अशीच धुऊन यायची. इतक्या वर्षांत आपण एकमेकांची डोकी फोडली न्हाईत, याचं श्रेय मी उगीच आपल्या समजूतदारपणाला देत होतो.

आता मुद्द्यावर येतो. पोळ्यानंतर मला बीडला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तुमीच ठरावाला अनुमोदन दिलतं. विषय होता, सभा कमी वेळात अन् जास्त उपयोगाची कशी करावी. वर्षाराणी नावाच्या मॅडम होत्या, वयानं आपल्या मंजूच्या मागंपुढं असतील, पण बोलणं एकदम पक्कं. त्यांनी मोबाईलमध्ये एआय कसा वापरायचा ते दाखवलं. सभेचं बोलणं त्याला ऐकवायचं, तो सारांश काढतो, पुढच्या सभेची विषयपत्रिका करून देतो, कोणत्या विषयाला किती वेळ ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी मला विचारलं, तुमच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? मी म्हणलं, वळण्यात. त्यांना काही कळलं न्हाई.

पुढच्या सोमवारी टेबलावर मोबाईल ठेवून (सगळ्यांना सांगून, चोरून न्हाई) सभा रेकॉर्ड केली अन् एआयला दिली. त्यानं काढलेला सारांश वाचून मला घाम फुटला. सभा दोन तास चालली, त्यात दुधाचं बोलणं चहा यायच्या आतच संपलं. निर्णय एकच झाला, की चहात साखर कमी टाकावी, अन् त्यालाही एक जण विरोधात (ते तुमी). सगळ्यात जास्त चर्चा लाली नावाच्या व्यक्तीवर झाली, त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रारी गंभीर दिसतात, तरी त्यांची बाजू ऐकून घेण्यासाठी पुढच्या सभेला त्यांना बोलवावं, अशी त्याची शिफारस होती. मी त्याला कळवलं की लाली माझी गाय हाय. त्यानं लगेच दिलगिरी व्यक्त केली अन् शिफारस मागं घेतली. चूक कबूल करायला कुणाला एवढा कमी वेळ लागतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या घराण्यात ही सवय न्हाई.

मग त्यानं मला एक प्रश्न विचारला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. त्यानं लिहिलं, ‘या सभेत दोन सदस्य चेअरमनमार्फत बरंच घरगुती बोलतात. ते एकमेकांचे कुणी लागतात का? हे बोलायला त्यांना दुसरी जागा आहे का? नसेल, तर हा भाग काढून टाकण्याआधी विचार करा.’

मी लिहिलं, कुणी लागत न्हाईत, नुसते सभासद हायेत.

आता असं कावून लिहिलं म्हणाल, तर मोबाईलपुढं घरची इज्जत कावून काढा, हे एक. दुसरं म्हणजे ‘सख्खे भाऊ’ लिहायला गेलो अन् बोट अडकलं. ते दोन शब्द मी किती दिवसांत कुठंच लिहिले नव्हते, की वापरायची परवानगी हाय का न्हाई तेच कळेना. तो बिचारा माझ्या शब्दावर विश्वासून बसला. म्हणाला, मग घरगुती विषय सभेबाहेर ठेवायला हरकत नाही.

अन् आण्णा, काम झालं हो. ते कसं नाकारू? विषयपत्रिका आदल्या दिवशी ग्रुपवर जायला लागली. प्रत्येक विषयापुढं एका माणसाचं नाव. टँकर उशिरा येतो अन् सकाळचं दूध तापतं, यावर आपण कैक वर्षं नुसतं चिडत होतो. एआयनं विचारलं, टँकरवाल्याशी बोलायची जिम्मेदारी कुणाची? बघितलं तर कुणाचीच नव्हती. ती तुमच्या नावावर टाकली, तुमी एक फोन केला, टँकर वेळेवर यायला लागला. दूध घालायला येणाऱ्या बाया उन्हात उभ्या राहायच्या, त्यांच्यासाठी पत्र्याची सावली झाली. सभा इतकी लवकर संपायला लागली की चहावाला रिकाम्या खोलीत किटली घेऊन यायचा. बापूंची मान दुखायची थांबली. पण सगळे गेले तरी ते खुर्चीत बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, अज्या, मला करायला काय ठेवलंस आता? मी म्हणलं, आराम करा. त्यांना ते आवडलं न्हाई, हे मला तेव्हाच दिसलं, पण मी घाईत होतो.

मग गेल्या आठवड्यातला सोमवार आला. तुमी इस्त्रीचा सदरा घालून आलते. मी पाहिलं, पण सभेला इस्त्री कावून, असा विचार केला न्हाई. शेवटचा विषय संपला अन् तुमी हात वर केला. बापूंकडं तोंड करून म्हणालात, ‘चेअरमन, सचिवांना सांगा, एक घरगुती विषय हाय.’

अन् बापू वळायच्या आत मी, मोबाईलमधून मान वर न करता, म्हणालो, ‘हा विषय पत्रिकेवर न्हाई. पुढच्या सभेला लेखी द्या.’

थेट तुमाला म्हणालो, चेअरमनला सोडून. बोलणं बंद झाल्यापासून मी तुमच्याशी तोंडानं बोललेलं पहिलं वाक्य ते. तुमी टोपी घातली अन् गेलात. बापूंनी माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. मी सभा वेळेआधी संपल्याची नोंद केली अन् वर स्वतःवर खूश झालो. या सोमवारी तुमी सभेलाच आला न्हाईत. ताप असला तरी तुमी सभा चुकवत नव्हता.

विषय काय होता ते मला काल कळलं, तेही म्हाळू आचाऱ्याकडून. दूध घालायला आलता, सहज म्हणाला, रविवारी तुमच्या घरची माणसं किती धरू? मी विचारलं, कशाची माणसं? तो मग म्हणाला, मंजूची बैठक न्हवं का, चुलत्याला कसं माहीत न्हाई? मी म्हणलं, माहीत हाय, ध्यानातून गेलं. त्याचं दूध मी दोनदा मोजलं अन् दोन्ही वेळेला चुकीचं. घरी येऊन बबिताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. नुसती थापत राहिली, शेवटी भाकर तव्यात मावेना. तिनं मंजूला कडेवर खेळवलंय, आण्णा. भिंत बांधली त्या दिवशीही पोरगी आमच्याच घरात झोपलेली होती, गवंड्याला थांबवून तिला पलीकडं दिलं होतं.

मग मी एआयला खरं सांगितलं. लिहिलं, ते दोन सभासद सख्खे भाऊ हायेत अन् त्यातला धाकटा मी. मला वाटलं आता हा सुनावणार. तो म्हणाला, सांगितल्याबद्दल धन्यवाद, मग सभेच्या शेवटी या दोघांसाठी मोकळा वेळ ठेवता येईल. पण तुमचा विषय सोमवारपर्यंत थांबू शकेल का? बैठक रविवारी. म्हणजे न्हाई. तेव्हा तो म्हणाला, तुम्ही त्यांच्याशी थेट बोलून पाहा. (त्याला सोपं हाय. त्याला कुठं भाऊ हाय.) ते जमत न्हाई म्हणल्यावर त्यानं पत्राचा मसुदा करून दिला. ‘आदरणीय बंधू, आपल्या संवादात पडलेल्या खंडाबद्दल मी मनापासून दिलगीर असून...’ असं सुरू होतं. ते तुमी वाचलं असतं तर कोर्टाची नोटीस समजून आष्टीला वकील गाठला असता. म्हणून ते पुसलं. हे पत्र माझं माझं हाय, म्हणूनच एवढं लांबलंय.

बरं, थेट बोलायचा प्रयत्नच केला न्हाई असं समजू नका. कालपासून दोनदा भिंतीपाशी येऊन गेलो. एकदा तुमी म्हैस धूत होता, एकदा बाजेवर बसला होता. दोन्ही वेळेला तोंड उघडलं अन् ‘चेअरमन’ एवढंच आलं. दुसऱ्यांदा तुमी मान वर केलीत, तेव्हा मी खाली वाकून चप्पल शोधल्यासारखं केलं. चप्पल पायातच होती. मधे माणूस नसला तर मला माझ्या भावाशी बोलता येतं का, हेच मला माहीत न्हाई, अन् याची मला भीती वाटते. लाज न्हाई, भीती.

एआयला दोष द्यावा तर तेही जमत न्हाई. त्यानं विचारलं होतं. सभा उपयोगाची करून दे म्हणलं, त्यानं दिली. कशाच्या उपयोगाची, हे मी त्याला चुकीचं सांगितलं. मी म्हणलं दुधाच्या. दुधाला लागणारा वेळ तेवढाच होता, चहा येईपर्यंतचा. बाकीचा वेळ आपण दोघं, बापूंच्या मानेवर, घर चालवत होतो. हे तुमाला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या संचालकांना माहीत होतं, म्हणून तर कुणी कधी घड्याळ बघितलं न्हाई. आपापल्या गुरांची गाऱ्हाणी मनात ठेवून ते आपलं ऐकत बसायचे. फक्त तोंडानं कुणी म्हणायचं न्हाई. अन् जी गोष्ट आपण सगळे मिळून म्हणत न्हाई, ती नव्यानं आलेल्याला कशी कळावी? पुढच्या सोमवारपासून विषयपत्रिकेत शेवटचा विषय कायमचा टाकलाय, ‘चेअरमनच्या परवानगीनं इतर’. त्याला वेळेची मर्यादा न्हाई. बापूंना दाखवलं तेव्हा त्यांनी मान दोन्हीकडं फिरवून बघितली.

बाकी बैठकीत चुलत्याचं असं काय काम असतं? पाहुण्यांच्या शेजारी बसायचं, सुपारी पुढं करायची, अन् पोरीचा बाप एखाद्या शब्दावर अडून बसला तर हळूच म्हणायचं, होऊ द्या आण्णा. एवढंच. एआयच्या हिशेबानं असा माणूस आला काय, न आला काय. पण पाहुणे आपल्याच मुलखातले हायेत. ते आल्या आल्या विचारतील, चुलते कुठं हायेत? अन् मग मंजूकडं बघायचं सोडून भिंतीकडं बघत बसतील. ज्या घरात भाऊ भावाशी बोलत न्हाई तिथली पोरगी करताना लोक दहादा विचार करतात. पोरीचा यात काही गुन्हा न्हाई. हे आपलं सहज लिहिलं. वर सांगितलंच हाय, त्याचा अन् या पत्राचा संबंध न्हाई.

वहिनींना नमस्कार. मंजूला आमा दोघांचा आशीर्वाद, तो मात्र कुणामार्फत न सांगता द्या.

तुमचा धाकटा,
अजिनाथ
(सचिव)

ता. क. संबंध हाय. रविवारी मला बैठकीला बोलवा. तोंडानं बोलवायची गरज न्हाई. बापूंना सांगा, बापू मला सांगतील. मी येऊन कोपऱ्यात बसेन, लाली माझ्या घरी बांधलेली असेल, तिची हमी घेतो.

ता. क. दुसरा. राहवलं न्हाई म्हणून एआयकडून बैठकीचीही विषयपत्रिका करून बघितली. पुसूनच टाकणार होतो, पाहुण्यांपुढं असला कागद ठेवला तर ते चहा न पिता उठतील. पण त्यात एक ओळ होती, की मुलीला मुलगा पसंत आहे का हे तिला एकटीला कोण विचारणार, त्या व्यक्तीचं नाव लिहा. टँकरसारखंच निघालं, ती जिम्मेदारी कुणाचीच न्हाई. वहिनींचं नाव लिहा. वहिनी कामात असतील तर बबिता हाय.

ता. क. तिसरा. अन् तुमच्या मनात बोलवायचं नसेल, तर मी समजून घेईन. पाहुण्यांना सांगा, चुलता परगावी गेलाय. तुमाला खोटं बोलावं लागू नये म्हणून मी रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं खरंच बीडला जाईन अन् पाहुणे गेल्यावरच परत येईन. पोरीचं जमू द्या. पण मला जायचं न्हाई, आण्णा.